कारेमाचा न मांडलेला हिशेब

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी, उत्तर इटलीतल्या कारेमा गावाच्या वरच्या अंगाला, दगडी गडग्याने तोलून धरलेल्या एका अरुंद पट्टीवर मी वेली बांधायला मदत करत उभी होते. पट्टी तुरिनमधल्या माझ्या एका मैत्रिणीच्या सासऱ्यांची होती. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर लोकरी टोपी, कमरेला वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या पिवळसर काड्यांची जुडी. आदल्या रात्री पाण्यात भिजवून मऊ केलेली काडी ते वेलीच्या फांदीभोवती आणि वरच्या चेस्टनटच्या वाशाभोवती एकदाच फिरवत, दोन्ही टोकांना अंगठ्याने एक पीळ देत, टोक आत खुपसत आणि पुढे सरकत. सुतळी नाही, तार नाही. कात्री फक्त उरलेले टोक छाटण्यापुरती. माझ्या हातातल्या निम्म्या काड्या मोडत होत्या आणि त्याबद्दल ते काही बोलत नव्हते. कामाची लय लागल्यावर, द्राक्षबागाईतदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला सर्वांत आधी सुचतो तो प्रश्न मी विचारला: या बागेतून खर्च वजा जाता वर्षाला हातात काय उरते? त्यांचे हात क्षणभर थांबले. मग ते म्हणाले की हा हिशेब त्यांनी कधी केलेला नाही आणि करणारही नाहीत, कारण तो केला तर दुसऱ्या दिवशी पाय वर चढायला तयार होणार नाहीत. ते हसत होते, बोलण्यात राग नव्हता. लगेच त्यांनी काड्यांची दुसरी जुडी मागितली आणि विषय तिथेच संपला. माझ्यापुरता मात्र तो संपला नाही.

आमच्या घरी, निफाड तालुक्यात, द्राक्षाची गोष्ट हिशेबापासूनच सुरू होते. वडिलांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. खरड छाटणीची मजुरी, गोडी छाटणीची मजुरी, डिपिंगचे औषध, विरळणीला आलेल्या बायकांची रोजंदारी, फवारणीचे डिझेल, आणि पानाच्या शेवटी व्यापाऱ्याने दिलेला दर, सगळे निळ्या शाईत. दराचा आकडा वाईट असला की त्याच्याखाली काढलेली रेघ जास्त दाबून काढलेली दिसते. आमच्याकडे दोन बागाईतदार भेटले की पाऊसपाण्याच्या आधी दर विचारला जातो, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. कारण बाग म्हणजेच घर, शिक्षण, लग्न, कर्ज. तेव्हा ज्याने आयुष्यभर द्राक्षे पिकवली आणि एकदाही बेरीज-वजाबाकी केली नाही, असा माणूस मला आधी अविश्वसनीय वाटला, मग थोडा हेवा वाटण्याजोगा, आणि घरी परतताना, खरे सांगायचे तर, थोडा संशयास्पद. एवढा श्रीमंत तो नव्हता. मग त्याचा खर्च कोण भरत होते?

कारेमा हे पिएमोन्ते प्रांताचे त्या बाजूचे शेवटचे गाव आहे. तिथून पुढे आओस्ता दरी सुरू होते. सात-आठशे लोकवस्ती, दगडी घरे, चर्चचा उंच मनोरा, गल्ल्यांमधून सतत वाहणारे पाण्याचे हौद, आणि खाली दोरा बाल्तेया नदीचे थंड, करडे पात्र. गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. आओस्ता दरीतल्या पाँ-सें-मार्तँ या शेजारच्या गावी उतरायचे आणि पुन्हा पिएमोन्तेत चालत यायचे. त्या गावात इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन पूल अजून उभा आहे आणि त्याच्याही पुढे दोनास गावाजवळ रोमन रस्त्यासाठी खडक फोडून ठेवलेली कमान आहे. तिच्याखालच्या कातळात गाड्यांच्या चाकांचे खोल चरे दिसतात. कँटरबरीहून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंची जुनी वाट कारेमातूनच जाते, आणि उन्हाळ्यात पाठीवर पिशव्या घेतलेले लोक हौदावर बाटल्या भरताना दिसतात. वर पाहणारे त्यांच्यात थोडेच असतात. पाहायचे ते वर आहे.

गावाच्या मागे डोंगर अर्धवर्तुळात उभा राहतो, आणि त्याच्या उन्हाकडच्या अंगावर साधारण 300 ते 600 मीटर उंचीपर्यंत पायऱ्यापायऱ्यांनी बागा चढत गेलेल्या आहेत. हिमनदीने मागे टाकलेले दगडगोटे वेचून, चुन्यामातीशिवाय, एकावर एक बसवून रचलेले गडगे. त्यांच्या मागे भरलेली माती, जिच्यातली बरीचशी माणसांनी पाठीवरच्या टोपल्यांतून खालून वर नेलेली आहे. आणि त्या मातीवर मांडव. मांडव पाहून मी थबकले, कारण मांडवाखालीच मी लहानाची मोठी झाले. पण आमचा मांडव लोखंडी अँगलचा आणि ताणलेल्या तारांचा. इथे तोपिया नावाचा हा मांडव चेस्टनटच्या वाशांचा असतो आणि तो ज्यांच्यावर टेकलेला असतो ते पिलून म्हणजे दगड-चुन्याचे, माणसापेक्षा उंच, खाली रुंद आणि वर निमुळते होत गेलेले खांब. ते शोभेसाठी बांधलेले नाहीत. दिवसभर ऊन खाऊन दगड तापतात आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतात. नेब्बिओलो हे उशिरा पिकणारे द्राक्ष ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहते, आणि आल्प्सच्या तोंडाशी ऑक्टोबरच्या रात्री थंड असतात. दरीतून येणाऱ्या वाऱ्यालाही ते तोंड देतात. वेल गडग्याच्या पोटाशी लावायची, मांडवावरून दरीच्या बाजूला पुढे न्यायची, म्हणजे ऊन पानांना मिळते आणि खालची वीतभर मोलाची जमीन बटाट्याला, भाजीला मोकळी राहते. मैत्रिणीच्या सासऱ्यांच्या, म्हणजे माझ्या तिथल्या यजमानांच्या, एका पट्टीखाली तेव्हाही लसणाची पाती वर आलेली होती.

मी एका पिलूनला हात लावून पाहिला. दुपार कलली होती, हवेत गारवा आला होता, आणि दगड कोमट होता.

त्या बागांमध्ये ट्रॅक्टर जाऊ शकत नाही. आमच्याकडे ब्लोअरने तासाभरात होणारी फवारणी इथे माणूस पाठीवरच्या पंपाने पट्टी-पट्टी चढून करतो. प्रत्येक वासा वरच्या रानातून तोडून, सोलून, खांद्यावरून आणायचा, आणि चेस्टनट कितीही टिकाऊ असला तरी काही वर्षांनी तो कुजतोच, म्हणून हे काम कधी पूर्ण होत नाही. हिवाळ्यात पाणी गडग्याच्या मागे गोठून फुगते आणि दगड बाहेर ढकलते. वसंतात पडलेला भाग पुन्हा रचायचा. हात वर करून बांधणे, हात वर करून छाटणे, हात वर करून तोडणे. मांडवाखालच्या खांदेदुखीची भाषा मला कोणी शिकवायला नको. माझ्या आईचे खांदे विरळणीच्या दिवसांत असेच भरून येत, आणि आमची जमीन निदान सपाट होती.

तरीही या द्राक्षांच्या वाइनची, गावाचेच नाव लावणाऱ्या कारेमाची, बाटली स्वस्त आहे.

पिएमोन्तेतल्याच लांगेच्या टेकड्यांवरच्या बारोलो या नामांकित वाइनशी तुलना केली तर हे ठसठशीत दिसते. द्राक्ष तेच, नेब्बिओलो. इथे त्याच्या स्थानिक प्रकारांना पिकोतेंद्रो आणि पुन्येत म्हणतात. पण बारोलोच्या साध्या बाटलीला जे मोजावे लागते, त्याच्या पुष्कळ खाली गावच्या सहकारी वायनरीची कारेमा मिळत आली आहे. वायनरी रस्त्याला लागूनच आहे. 1960 मध्ये दहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ती काढली, 1967 मध्ये कारेमाला नियंत्रित मूळस्थानाचा दर्जा मिळाला, म्हणजे ठरलेल्या भागात ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाइनलाच ते नाव लावता येऊ लागले, आणि सभासदसंख्या पुढे शंभराच्या घरात गेली. या सगळ्यांच्या बागा मिळून वीस हेक्टरही भरत नाहीत. म्हणजे सरासरी एका सभासदाच्या वाट्याला पंधरा-वीस गुंठे, तेही एकाच ठिकाणी नव्हे. वाटण्या होत होत एक पट्टी इथे, दोन पट्ट्या तिथे, मध्ये चुलतभावाची. एवढ्या द्राक्षांसाठी कोणी आपली टाकी, आपली पिंपे, आपले लेबल करायचे म्हटले तर वेडेपणा ठरला असता. एकत्र येण्यात तत्त्वज्ञान किती होते आणि निरुपाय किती होता, हे साठ वर्षांनी वेगळे काढता येणार नाही, आणि माझ्या मते काढायची गरजही नाही. सहकार बहुतेक ठिकाणी असाच जन्मतो. भाषणे मागून येतात.

ऑक्टोबरात मी पुन्हा गेले, तेव्हा वायनरीच्या अंगणात क्रेट घेऊन लोक उभे होते. छोट्या गाड्या, तीनचाकी टेंपो, एका आजीबाईंच्या मोटारीची मागची सीट काढून त्यात रचलेली द्राक्षे. क्रेट काट्यावर चढतो, आकडा नोंदला जातो, रसातली साखर मोजली जाते, आणि मग घड टाकीकडे जातात. त्या क्षणापासून ती द्राक्षे कोणाची राहत नाहीत. मी मुद्दाम लोकांचे चेहरे पाहत होते, कारण काट्यासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा चेहरा मला ओळखीचा आहे: मान थोडी पुढे, ओठ बंद, नजर आकड्यावर. इथेही तो होताच. पण इथे लोक एकमेकांच्या क्रेटमध्येही डोकावत होते. कोणाच्या घडात कुजका मणी राहिला आहे का, कोणी घाई करून कोवळे तोडले आहे का, हे पाहणारे डोळे काट्यावरच्या माणसापेक्षा शेजाऱ्याचे जास्त होते. वाइन सगळ्यांची एकच होणार असल्यामुळे एकाच्या आळसाची चव दुसऱ्याच्या पेल्यात उतरणार. कौतुक आणि पाळत यांची ही सरमिसळ लहान गावात राहिलेल्यांना समजावून सांगावी लागत नाही.

वाइन घाईने बाहेर पडत नाही. नियमाप्रमाणे किमान 24 महिने ती थांबते, त्यांतले 12 महिने ओक किंवा चेस्टनटच्या पिंपात. रिझर्व्हा म्हणवून घ्यायचे तर 36 महिने. तळघरात मोठी पिंपे आहेत, छोट्या नव्या पिंपांचा तिखट गोडसर वास नाही. दगडाचा, ओल्या लाकडाचा आणि आंबट फळाचा वास आहे. सहकारी वायनरीची नेहमीची कारेमा काळ्या लेबलची आणि रिझर्व्हा पांढऱ्या लेबलची असते. याच गावच्या द्राक्षांची दुसरी नावाजलेली कारेमा करणाऱ्या जवळच्या इव्रेया शहरातल्या फेर्रांदो घराण्याने नेमके उलटे केले आहे. त्यांची पांढऱ्या लेबलची नेहमीची आणि काळ्या लेबलची निवडक. एवढ्याशा गावाच्या दोन ठळक वाइनी असाव्यात आणि त्यांनी रंगांची अशी अदलाबदल करावी, यामागे काही जुनी खोडी असावी असे मला वाटत राहते, पण दुकानात भलतीच बाटली उचलणाऱ्या गिऱ्हाइकाची कोणालाच फारशी काळजी दिसत नाही.

सहकारी वायनरीची काळ्या लेबलची बाटली मी पहिल्यांदा उघडली तेव्हा रंग पाहून थोडी निराश झाले होते. गर्द लाल काहीच नाही. पेल्याच्या पलीकडे धरलेले बोट दिसावे इतका पातळ, कडेला विटकरीकडे झुकणारा रंग. पण वास घेतला आणि थांबले. सुकत घातलेल्या गुलाबपाकळ्या, थोडी मिरपूड, पावसानंतरचा दगड. जिभेवर आधी आमसुलासारखा स्वच्छ आंबटपणा येतो, मग हिरड्यांना धरणारा तुरटपणा, आणि घोट गेल्यावर पुष्कळ वेळ काहीतरी मागे राहते. ही खुर्चीत रेलून गप्पा मारताना पिण्याची वाइन नव्हे. तिला जेवण लागते; पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, जुने चीज, सावकाश शिजलेले मांस, किंवा आमच्या घरी एका थंडीत ठरले तसे, लसणाची भरपूर फोडणी दिलेले मसुराचे कालवण. तिच्यात एक प्रकारचे अंग चोरून बसणे आहे, आणि चांगल्या वर्षाची बाटली अनेक वर्षे ठेवली तर ती सैलावते, हे मला त्या यजमानांनी उघडलेल्या एका जुन्या बाटलीवरून कळले. बाटलीवर लेबल नव्हते. वर्ष त्यांनी खडूने लिहिलेले होते आणि तेही अर्धे पुसले होते.

आता त्या हिशेबाकडे येते. यजमान तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत इव्रेयाला ओलिवेत्तीच्या कारखान्यात कामाला होते. वीसेक किलोमीटर खाली. 1908 मध्ये कामिल्लो ओलिवेत्ती यांनी तिथे टंकलेखन यंत्रांचा कारखाना काढला आणि त्यांचे पुत्र आद्रियानो यांनी त्याचे जगभर नाव झालेल्या कंपनीत रूपांतर केले. लेत्तेरा 22 हे 1950 मध्ये आलेले हातात उचलून नेता येणारे यंत्र पाहिलेले मराठी वाचकही असतील. पण कानावेझेच्या, म्हणजे इव्रेयाच्या भोवतालच्या मुलखातल्या, म्हाताऱ्या माणसांशी बोलले की यंत्रांपेक्षा दुसऱ्याच गोष्टी ऐकू येतात: कारखान्याचे वाचनालय, पाळणाघर, दवाखाना, आणि सुटीचा शनिवार. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात ओलिवेत्तीने पगार न कापता कामाचा आठवडा 48 तासांवरून 45 तासांवर आणला, आणि शनिवार मोकळा झाला. आद्रियानोंना सगळी खेडी रिकामी करून इव्रेयाभोवती झोपड्यांची गर्दी करायची नव्हती. माणसाने आपल्या गावात राहावे, थोडी शेती राखावी, आणि कारखान्यात यावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि खेड्यांतल्या लहान उद्योगांना व शेतीच्या सहकारी संस्थांना बळ देण्यासाठी त्यांनी वेगळी संस्थाही काढली होती. फेब्रुवारी 1960 मध्ये ते गेले. त्याच वर्षी कारेमात ती दहा माणसे एकत्र आली. या दोन घटनांचा थेट संबंध लावायचा माझा इरादा नाही. एवढे मात्र नक्की की त्या वायनरीचे कितीतरी सभासद पुढची अनेक वर्षे कारखान्याचे पगारदार होते, आणि वेली बांधल्या जात होत्या त्या शनिवारी.

हे कळल्यावर माझा संशय फिटला आणि दुसरेच काहीतरी सुरू झाले. म्हणजे त्या बाटलीची किंमत कधीच पूर्ण तिच्यावर लिहिलेली नव्हती. गडगा रचणाऱ्या हाताला महिन्याचा पगार दुसरीकडून मिळत होता, नंतर निवृत्तिवेतन मिळत होते, आणि म्हणून तो हात स्वतःची मजुरी धरत नव्हता. गिऱ्हाईक म्हणून मी जे वाचवत होते ते एका टंकलेखन यंत्रांच्या कंपनीने भरलेले होते. इथे मला आमच्या साखर कारखान्यांची आठवण होणे अपरिहार्य होते. दिवाळीच्या आधी सवलतीची साखर आणायला आजोबा सभासदाचे पुस्तक घेऊन रांगेत उभे राहत, आणि पिशवी घरी आली की शेजारपाजाऱ्यांना दिसेल अशी ओट्यावर ठेवली जाई. त्या सहकारातून पैसा आला, शाळा-महाविद्यालये आली, आमदारही आले. पण त्याच्या मुळाशी ऊस होता आणि उसाच्या बिलावर घर चालणार होते. बिल थकले की घरात चिडचिड सुरू होई. कारेमात द्राक्षाचे पैसे उशिरा आले तर कोणाची चूल अडत नव्हती. त्यामुळे तिथल्या सहकाराला आमच्यासारखे भांडण नाही आणि आमच्यासारखी निकडही नाही. पोट भरलेल्या माणसांनी एकत्र येऊन केलेली ही गोष्ट आहे, आणि मी हे टीका म्हणून लिहीत नाही. पोट भरलेले असूनही त्यांनी शनिवार डोंगरावर घालवला.

ओलिवेत्ती 1990च्या दशकात ढासळली. निवृत्त झालेल्या पिढीने बागा राखल्या, पण त्यांची मुले तुरिनला, मिलानला, काही परदेशी गेली, आणि त्यांचा शनिवार त्यांच्या शहरात संपू लागला. गावातून वर पाहिले की अजूनही पहिल्या नजरेला सगळा डोंगर बागांनी भरलेला वाटतो; थोडे चढले की भ्रम जातो. एखाद्या पट्टीवर वेली नीट बांधलेल्या, आणि तिच्या शेजारच्या पट्टीवर काटेरी जाळ्या, बाभळीच्या जातीची माजलेली झाडे, वासे कोसळून उघडे पडलेले पिलून. पडक्या पट्टीचा त्रास तिच्या मालकाला होत नाही, खालच्याला होतो. वरचा गडगा फुगला की दगड त्याच्या वेलींवर येतात, आणि वरच्या मालकाचा पत्ता कोणाकडे नसतो. 2018 मध्ये युनेस्कोने इव्रेया शहराला विसाव्या शतकातले औद्योगिक नगर म्हणून जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आणि त्याच वर्षी चुन्याशिवाय दगडी गडगे रचण्याची कला इटलीसह आठ देशांचा अमूर्त वारसा म्हणून नोंदली गेली. एकाच माणसाच्या आयुष्याचे दोन अर्धे भाग, आठवड्याचे पाच दिवस आणि उरलेला शनिवार, एकाच वर्षी वारसा ठरले. मी हे यजमानांना सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की युनेस्कोवाले दगड उचलायला कधी येणार आहेत.

गेल्या काही वर्षांत मात्र थोडी तरुण माणसे परत डोंगरावर दिसू लागली आहेत. सोडून दिलेल्या पट्ट्या त्यांनी विकत किंवा खंडाने घेतल्या, जाळ्या तोडल्या, वासे बदलले, आणि आपली कारेमा आपल्या नावाने बाटलीत भरायला सुरुवात केली. ती वाइन साहजिकच महाग आहे, कारण त्यांच्यामागे कोणताही कारखाना नाही. डोंगरावर घालवलेल्या प्रत्येक तासाचे पैसे त्यांना बाटलीतूनच काढायचे आहेत. गावात त्यांच्याबद्दल दोन प्रकारे बोलले जाते, बहुधा एकाच माणसाच्या तोंडून, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे. पोरांनी डोंगर जागा केला, हे पहिले. पोरांनी आपले चांगले घड टाकीत न घालता वेगळे ठेवले, हे दुसरे. दोन्ही खरे आहे. शंभर जणांची द्राक्षे एकत्र होतात तेव्हा चांगल्या उन्हातल्या पट्टीचा गोडवा सावलीतल्या पट्टीला सांभाळून घेतो. चांगल्या पट्टीने वेगळे व्हायचे ठरवले की टाकीत उरलेल्यांचे काय होते, हे कोणीही सांगू शकेल. पण ज्याला त्या पट्टीवर मुलेबाळे वाढवायची आहेत, त्याने आपला गोडवा टाकीत ओतत राहावे, असे निवृत्तिवेतन असलेल्या माणसाने त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? तिशीतल्या एका बागाईतदाराकडे मी थोडा वेळ बसले होते. मी न विचारताच त्याने एका बाटलीमागचा खर्च मला तोंडपाठ सांगितला. वासे, औषध, काच, बूच, आणि सगळ्यांत शेवटी, थोडा आवाज चढवून, स्वतःचे तास. मला एकदम निफाडला आल्यासारखे वाटले.

त्या रात्री दादाला फोन केला आणि सगळे सांगितले. तो आधी मांडवाच्या खर्चाबद्दल विचारत राहिला: दगडाचा एक खांब किती दिवसांत उभा राहतो, वासा किती वर्षे जातो, हेक्टरी किती टन निघतात. उत्पादन ऐकून तो इतका मोठ्याने हसला की वहिनीने मागून काय झाले म्हणून विचारले. मग गंभीर होऊन म्हणाला, "अगं, त्या म्हाताऱ्याचे बरोबर आहे. मीही गारपिटीच्या वर्षी वही उघडली नव्हती." आणि लगेच पुढे म्हणाला, "पण त्या पोराचे जास्त बरोबर आहे. म्हातारा हिशेब न करता बाग सांभाळू शकतो, वाढवू शकत नाही. आणि आपल्यानंतर बाग घ्यायला कोणी यावे असे वाटत असेल, तर वहीत काहीतरी उरलेले दिसायला पाहिजे ना त्याला." दादाला वाइन आवडत नाही, मी नेलेली एक कारेमा त्याने दोन घोटांत संपवून चहा मागितला होता. पण द्राक्षाच्या बाबतीत त्याचे मत मी हलक्यात घेत नाही.

त्यामुळे माझेही मत आता तिकडेच झुकले आहे. सहकारी वायनरीने दर वाढवावा. थोडाथोडका नव्हे, काट्यावर उभ्या राहणाऱ्या तिशीतल्या माणसाला टाकीत द्राक्षे घालणे परवडेल इतका वाढवावा, म्हणजे चांगल्या पट्टीला वेगळे होण्याचे कारण उरणार नाही. असे झाले तर काळ्या लेबलची बाटली मसुराच्या कालवणाबरोबर कोणत्याही मंगळवारी उघडण्याची गोष्ट राहणार नाही, गावातल्या खानावळीत ती पेल्याने मिळेनाशी होईल, आणि ज्या म्हाताऱ्यांनी हिशेब न करता ती इतकी वर्षे स्वस्त ठेवली, त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर ती जड होईल. वाढलेल्या दराने मी स्वतः आताच्या निम्म्या बाटल्याही घेणार नाही. यजमानांना मी हे माझे मत अजून सांगितलेले नाही. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी पुन्हा काड्या भिजत घातल्या तर सांगेन, आणि ते मान्य करणार नाहीत याची मला जवळपास खात्री आहे.